आमोदला रविवारी खडकीला येता येणार नाही

आदरणीय हिराआत्या,

सविनय जय भीम.

जो माणूस जन्मालाच आलेला नाही, त्याला रविवारी मुलगी बघायला बोलावलं असेल, तर तो येणार नाही हे त्याच्या वतीने कोणी कळवायचं? मी मराठी घेऊन बी. ए. झाले, आपल्या घरातून पहिली झाले, पण या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुला येत असेल असं वाटून लिहायला बसले आहे.

त्याआधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल रोज लावतेस की बाटली नुसतीच कपाटात ठेवली आहेस? इकडे आई बरी आहे, बाबांचा खोकला गेला, धाकट्या राकेशने पुन्हा नोकरी बदलली (या वेळी स्वतःहून). फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. एक तर तुझा फोन दिवसभर कारखान्याच्या गेटवर जमा असतो. आणि संध्याकाळी तो तुझ्या हातात येतो तेव्हा समोरच्याला वाक्य पुरं करता येत नाही. मला जे सांगायचं आहे ते अर्धवट ऐकलं तर फार वाईट वाटेल, पुरं ऐकलं तर थोडं कमी वाईट वाटेल, म्हणून पत्र.

आता बस. उभ्याने वाचू नकोस. मागे तू गुलटेकडीला आमच्याकडे आलीस, तेव्हा फ्रिजवरच्या ज्या बायोडाटाचा फोटो काढून तू आपल्या समाजाच्या वधूवर ग्रुपवर टाकलास, तो आमोद माझ्या कादंबरीचा नायक आहे. कादंबरीच्या बाहेर तो कुठेही राहत नाही. कात्रजलासुद्धा नाही.

हे कसं झालं ते सांगते. पेठेतल्या एका प्रकाशकांनी माझी कादंबरी बघायला घेतली आहे. (तिच्यात मारामारी आणि प्रेम दोन्ही आहे. सुरुवातीला मारामारी जास्त, मध्ये प्रेम जास्त, शेवटी दोन्ही एकदम.) ते म्हणाले, आधी मुख्य पात्रांचा परिचय एकेका पानात लिहून आणा, मग पुढचं वाचायचं की नाही ते बघू. मी पुष्कळ प्रयत्न केला. 'आमोद हा एक धाडसी तरुण होता' इथपर्यंत यायचं आणि आमोद तिथेच उभा राहायचा. मग लक्षात आलं की एका पानात अख्खा माणूस सांगायची आपल्याकडे एक पक्की रीत आहे आणि ती मला तूच शिकवली आहेस. कॉलेजच्या सुट्टीत तू सांगायचीस आणि मी टाइप करायचे. वर तथागतांचं चित्र, उजव्या कोपऱ्यात फोटोची चौकट, खाली नाव, उंची, वर्ण, शिक्षण, नोकरी, मामांचं गाव, अपेक्षा. त्याच नमुन्यात मी आमोदला बसवला आणि तो काय सुंदर बसला म्हणून सांगू! फोटोच्या चौकटीत 'चित्र येणे बाकी' असं लिहिलं, कारण मुखपृष्ठाचा चित्रकार ठरलेला नव्हता. रकाने सगळे तुझेच घेतले. फक्त दोन मी वाढवले, 'दोष' आणि 'शत्रू'.

चूक तुझी नाही. आपल्या घरात ज्या कागदावर उंची लिहिलेली असते, तो कागद लग्नाचाच असतो. पण 'शत्रू : जयसिंग, मांडूळ तस्कर' हे वाचून तरी तुला शंका यायला हवी होती. (जयसिंग हा माझा खलनायक. मांडूळ घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो असं सांगून तो लोकांना ते गरीब बिनविषारी साप विकतो.) आईने तुला ते दाखवलंही म्हणे. त्यावर तू म्हणालीस, "अगं, भाऊबंदकी कुणाच्या घरात नाही? यानं निदान लिहून तरी दिलंय!" आणि फोटो काढलास.

आता आमोदची खरी ओळख करून देते, कारण तू त्याची शिफारस केली आहेस आणि माणसाने आपण कोणाची शिफारस केली हे जाणून असावं. आमोद दुधाचा टँकर चालवतो (पगारी) आणि कोणाच्या घरात साप निघाला तर पकडून जंगलात सोडतो (फुकट). नागाच्या फण्यासमोर तो इतका शांत बसतो की नागालाच अवघडल्यासारखं होतं. पण भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढतो. लोकांचे जीव वाचवतो आणि घरी आईला रोज सांगतो की आजचाही बिनविषारीच होता. भांडण झालं की तरातरा निघून जातो आणि थोड्या वेळाने काहीतरी खायला घेऊन परत येतो. 'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडातून निघत नाही. त्याऐवजी तो भांडी घासतो. चूक जेवढी मोठी तेवढं मोठं भांडं. कुकरपर्यंत गेला की समजायचं, मनातून फार लागलं आहे. हे सगळं मी 'दोष' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. प्रकाशकांनी ते वाचून चष्मा काढला. "नायक पालीला घाबरतो? मग वाचकांनी भरवसा कोणावर ठेवायचा, पालीवर?" दोष काढून टाका आणि त्या जागी व्यायामाची आवड घाला, असा त्यांचा सल्ला आहे.

नायिका श्यामला वनरक्षक आहे. तिचा कागद फ्रिजवर नव्हता हे आपलं नशीब, नाहीतर आज तिलाही मागण्या आल्या असत्या. तिचा नेम चुकत नाही, पण तिला चेहरे लक्षात राहत नाहीत, त्यामुळे पहिल्याच प्रकरणात ती तस्कर समजून आमोदला पकडते आणि कादंबरीच्या मध्यावर पुन्हा एकदा पकडते. तिला स्वयंपाक येत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. समोरच्याला आडवा पाडतानाही ती आदराने बोलते. जयसिंगच्या हातात बेडी घालताना म्हणते, "अहो, जरा हात पुढे करता का? नाही, दुसरासुद्धा. थँक यू." तुला कोणाची आठवण आली का? क्वार्टर्समध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं तेव्हा त्या आडदांड गृहस्थांची कॉलर धरून तू म्हणाली होतीस, "आपण जरा खाली बसून बोलाल का?" आणि ते बसले होते. मी तेव्हा शाळेत होते. जगात एवढं धाडस असतं हे मला त्या दिवशी कळलं. श्यामला त्या दिवशी सुरू झाली.

आता ग्रुपवर काय झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण मी ते कौतुकाने पुन्हा लिहिते. एरवी तू प्रत्येक बायोडाटा टाकण्याआधी त्याला हात लावतेस. सावळ्याचा गव्हाळ करतेस, उंची थोडी ओढतेस, 'दुकानात कामाला' असेल तर 'व्यवसायात' असं करतेस. आमोदचा मात्र ड्यूटीच्या घाईत आहे तसा गेला. आणि तोच चालला! आजवर कुठल्या इंजिनिअरसाठी एवढे फोन आले नव्हते असं तूच आईला सांगितलंस. येरवड्याच्या एका बाईंनी लिहिलं की फोटो नसला तरी चालेल, भांडी घासतो हे नक्की ना तेवढं कळवा. एकाने विचारलं, शत्रू एकच आहे का. लोक किती समजूतदार असतात आत्या! प्रकाशकांचं ऐकून मला वाटायला लागलं होतं, वाचकाला निर्दोष नायक हवा असतो. लोकांना फक्त आधी सांगितलेलं हवं असतं.

पण मग कोणीतरी विचारलं, मुलगा कोणाच्या माहितीतला आहे? आणि तू खाली लिहिलंस, 'माझ्या. लहानपणापासून ओळखते. जबाबदारी माझी.'

ते वाचल्यापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. या ग्रुपवर तुझा शब्द म्हणजे शब्द. परक्या घरी मुली देताना लोक फक्त 'हिराताईंनी बघितलंय ना' एवढं विचारतात. तो शब्द माझ्या कादंबरीपायी जाणार, असं मला वाटलं. मग बाबांनी तो संदेश बघितला. बाबांना कादंबरीबद्दल फारसं माहीत नाही. (मार्केट यार्डातून हमाली करून आल्यावर ते माझी पानं हातात घेतात, जाडी बघतात, 'बरंच झालं की' म्हणतात आणि जपून परत ठेवतात.) त्यांनी राकेशकडून 'दोष' हा रकाना वाचून घेतला. मग म्हणाले, "पालीचं कशाला लिहायचं गं?" आणि उठून कढई घासायला लागले.

आत्या, तेव्हा मला कळलं की तू खोटं लिहिलेलं नाहीस. पाठीवर पोतं घेऊन जिना चढणारा आणि मोरीतली पाल बघून आईला हाक मारणारा माणूस तू खरोखरच लहानपणापासून ओळखतेस. तुझा भाऊच तो. मी फक्त त्याला टँकर दिला, साप दिले आणि केस थोडे जास्त दिले. तू वाचलंस तेव्हा हा मुलगा ओळखीचा वाटला म्हणूनच तू एवढ्या विश्वासाने जबाबदारी घेतलीस ना?

तरी रविवार उरतोच. तुमच्या मागच्या गल्लीतल्या कुसुमच्या घरच्यांना तू शब्द दिला आहेस. दातांच्या दवाखान्यात काम करणारी, आलेलं प्रत्येक स्थळ नाकारणारी कुसुम या वेळी पहिल्यांदा 'बघू' म्हणाली, म्हणून तिच्या आईने पडदेसुद्धा धुतले असं तूच सांगितलंस. ते पडदे माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. म्हणून परवा बसने खडकीला येऊन मी तिला दवाखान्याबाहेर गाठलं. (तुझ्या घरावरून गेले, पण तू ड्यूटीवर होतीस. ते बघूनच दिवस निवडला होता.) समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि सगळं सांगितलं.

तिने विचारलं, "म्हणजे नाहीच तो?"

"नाही."

"भांडी वगैरे?"

"ती माझे बाबा घासतात."

"त्यांचं लग्न झालेलं असणार," ती म्हणाली आणि एवढी हसली की टपरीवाला बघायला लागला. मग डोळे पुसून म्हणाली, नकार मीच देते, घरच्यांना माझ्याकडून सवय आहे, तुझ्या आत्याचं नाव मध्ये येणार नाही. असं मन असलेल्या मुलीला मी फसवलं, याचं मला फार वाटलं. निघताना तिने विचारलं की शेवटी त्याचं काय होतं. मी सांगितलं, कात्रजच्या घाटात टँकरसकट दरीत जातो आणि श्यामलाच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो. (घरातली पहिली पदवीधर म्हणून शेवट शोकान्त करायची माझ्यावर जबाबदारी आहे असं मला वाटत होतं. सुखाचा शेवट काय, बारावीवालेही करतात.) कुसुमने कप खाली ठेवला. "हे बघ, तो नाही हे मी सोसलं. पण असला असता आणि तू त्याला मारलं असतंस, तर मी तुझ्याशी बोललेसुद्धा नसते."

तर असं आहे. रविवारी तू पडदे बघायला जाऊ नकोस आणि माझ्यावर रागावायचं असेल तर प्रत्यक्ष ये, मी चहा करून ठेवते. तुझ्यासारखं समोरच्याला आदराने खाली बसवणं मला अजून जमत नाही, पण लिहिता मात्र येतं, आणि जे लिहिते त्यातलं चांगलं ते बहुतेक तुमच्याकडून उचललेलं आहे. गुडघ्याला जप.

तुझी,
दीपाली

ता. क. : मूळ विनंती राहूनच गेली. कुसुमचं मिटलं, पण येरवड्याच्या बाई आणि बाकीचे अजून विचारताहेत. एखाद्याचं ठरलं की तू गुलाबाच्या चित्राखाली 'स्थळ जमले, कृपया फोन करू नये' असं टाकतेस. तसं आमोदचं टाकशील का?

आणखी एक ता. क. : तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. ग्रुप हातात घेतल्यापासून न जमलेलं स्थळ तू कधी जमलं म्हणून टाकलेलं नाहीस (उंचीचं सोड), आणि या वयात सुरुवात करणार नाहीस. मीही तुला खोटं लिहायला लावणार नाही. म्हणून आज सकाळी शेवटचं प्रकरण काढून टाकून नवीन लिहिलं. टँकर दरीच्या तोंडाशी एका झाडाला अडकतो, दूध सगळं वाया जातं, आमोद वाचतो. त्यानंतर विहारात आमोद आणि श्यामलाचा मंगल परिणय होतो, पांढऱ्या साडीत श्यामला भलत्याच माणसाला हार घालायला निघते, आणि पहिल्या रांगेतली एक आत्या तिला कोपराला धरून म्हणते, "अहो, इकडे." दुपारी ती पानं प्रकाशकांच्या टेबलावर ठेवून आले. दोष काढणार नाही, हवे तर कादंबरी परत द्या, असंही सांगून आले. ते काय ठरवतात ते ठरवोत. लग्न लागलेलं आहे आत्या, तू बिनधास्त टाक.