सासूबाईंच्या नावाची नळी

ती. स्व. वन्संना,

उभ्यानेच नमस्कार करते, रागात कंबर वाकत नाही. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच, कारण आपल्या घराण्यात कधी कुणाला काही झालेलंच नाही (तसं तुम्ही इस्पितळाच्या फॉर्मवर सहीनिशी लिहून दिलंय). तुमच्या यजमानांचा गुडघा कसा आहे? झाली खुशाली विचारून.

तुमची भाची नऊ वर्षांची. दम्यापायी यंदा तिची पन्नास दिवस शाळा बुडाली. औषधं बदलून बदलून थकलो, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची लाळ तपासू. या दुखण्यात एकच कुणी गुन्हेगार नसतो म्हणे. बारीकसारीक फरक थोडे इकडून येतात, थोडे तिकडून, वर धूळ आणि धूर आहेतच. पोरीला कोणतं औषध मानवेल याचा त्यातून काही अंदाज लागला तर लागेल. मी लगेच विचारलं, जास्त कोणाकडून आलंय? (छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासते, चूक कोणाची हे आधी विचारायची सवय.) बाई म्हणाल्या, "इथे खटला चालत नाही."

माझ्या आईने हूं की चूं न करता नळी भरून पाठवली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आमच्यात दमा नाही. हल्ली जिनेच उंच बांधतात." तरी नळी घेऊन न्हाणीघरात गेल्या, कडी लावली आणि अर्ध्या तासाने काठोकाठ भरलेली नळी घेऊन बाहेर आल्या. या वयात एवढी लाळ! मी कौतुकही केलं. माझ्यासारखी बावळट मीच.

दोन महिन्यांनी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं, दार लावलं, तुमच्या भावापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि हळूच विचारलं, "तुम्हाला दत्तक घेतलं होतं का?" नळीतली बाई तुमच्या भावाची कोणीच लागत नव्हती! वन्सं, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याला अजून स्वतःचे मोजे आईला विचारल्याशिवाय सापडत नाहीत, तो बाकड्यावर तासभर बसून राहिला. घरी येऊन एकदा आईचं नाक बघायचा, एकदा आरशात स्वतःचं. तीन दिवस आईला अहो-जाहो करत होता. चौथ्या दिवशी "अहो आई, मीठ देता का?" ऐकून सासूबाईंना रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं. थुंकी खालच्या लाँड्रीवालीची! ती डोक्यावर गाठोडं घेऊन चार मजले गाणं म्हणत चढते, म्हणून मुद्दाम तिची निवड. आदल्या दिवशीच बाटलीत भरून घेतली होती, न्हाणीघरात फक्त ओतली.

आणि ही अक्कल दिली कोणी? तुम्ही! फोनवरून! "माझ्या पोराचं लग्न ठरतंय, दम्याचा बोभाटा नको" म्हणून! अहो, तुम्ही घराण्याचं नाक सांभाळत होतात तेव्हा माझी पोर त्याच घराण्याचं नाक वाफेच्या मास्कमध्ये खुपसून बसली होती. दोन महिने वाया गेले. पहिल्या झटक्यापासून तुम्ही गावभर सांगताय, हे माझ्या माहेरून आलं. मग तुमच्या चष्म्याच्या घरात काय असतं? मागच्या खेपेला भिंतीकडे तोंड करून तुम्ही पंप ओढलात, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. चष्मा तर तुम्हाला नाहीच.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुम्हाला काय, ते ठरायचंय.

तुमची भावजय

ता. क. सासूबाईंनी काल माझ्यासमोर स्वतःची नळी भरली. तुमचीही सोबत पाठवतेय. स्वतः थुंका.

ता. क. २. हे वाचून फाडून टाका. माझ्या आईच्या नळीचा निकाल आत्ताच आला. ती लाळ पुरुषाची आहे. आईच्या शेजारी एक पहिलवान राहतात. मी अजून तिच्याशी बोललेली नाही.

ता. क. ३. नळीला उशीर झाला तरी चालेल. पण एवढ्या मोठ्या कुटुंबात हे एकट्या आपल्यालाच झालंय, म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं पोरीला वाटतं. काल तिने माझी माफी मागितली. तिला एकदा फोन करा. पंप किती वर्षं ओढताय, तेवढंच तिला सांगा.