खडेमिठातली इंजेक्शनं

माय, आज तुझ्यावर रागवायलाच बसले आहे. तू गेलीस त्याला पंधरा वर्षं झाली. आता उलटून बोलायची सोय तुझ्याकडे नाही. तू होतीस तेव्हा ती माझ्याकडे नव्हती. झाली फिटंफाट.

मी बीडला एका दवाखान्यात असते. मूल होत नाही म्हणून उपचाराला आलेल्या बायका, त्यांचे नवरे, कधी अख्खं गणगोत, डॉक्टरांकडून निघालं की माझ्या खोलीत येतं. दारावर 'समुपदेशक' अशी पाटी आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, 'म्हंजी करतीस काय गं तू?' ऐकते, माय. नवऱ्याला बाहेर चहाला पाठवते, सासूला बाकड्यावर बसवते आणि त्या बाईला विचारते, तुला स्वतःला काय वाटतं? पहिल्या खेपेला बहुतेकींना उत्तरच येत नाही. असं विचारलेलंच नसतं कुणी. मलाही नव्हतं विचारलं. तू तर नाहीच नाही.

तो उन्हाळा आठव. वडवणीच्या बाजूला टँकर येईल तेव्हा पाणी. जनावरं छावणीला गेली होती, आणि बायकांच्या ज्या दूध संस्थेत तू सकाळ-संध्याकाळ दूध तपासून घ्यायचीस, तिथं कॅन अर्धेसुद्धा भरत नव्हते. नेमकी तेव्हाच मूल व्हावं म्हणून चाललेल्या माझ्या उपचारांची तिसरी खेप होती. ही शेवटची, असं सासरी ठरलं होतं. गर्भ नाही लागला तर लेकाचं दुसरं लग्न, हेही ठरलं होतं, आणि ते माझ्यासमोर, मी भाकरी वाढत असताना ठरलं. डॉक्टरांनी दहा दिवसांची इंजेक्शनं हातात दिली. रोज एक, पोटात, आपलं आपण टोचायचं, आणि अकराव्या दिवशी औरंगाबादला जायचं. त्याच दहा दिवसांत धाकट्या जावेचं डोहाळजेवण निघालं. सासूबाई म्हणाल्या, 'तू माहेरी जाऊन ये. उगं पोटुशीसमोर नको.' मी इंजेक्शनांचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. रस्ताभर मनात एवढंच, की एकदा मायच्या गळ्यात पडून मोकळं रडायचं.

तू दारातच म्हणालीस, 'हातात काय हाय ते कुणी बघितलं न्हाई ना?'

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, की मला कावीळ झालीय. तूच सांगत फिरलीस. मग काय, शेजारच्या काकूनं एरंडाच्या पानांचा रस आणला, आणि तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तो नाक दाबून प्याले. दहा दिवस मला बिनतेलाचं, बिनतिखटाचं वाढलंस. कुणी डोकावलं तर काविळीचंच ताट दिसावं म्हणून. आता आठवलं की हसूही येतं, आणि चीडही येते. अगं, रात्री दार लावल्यावर तरी एक चमचा तेल घालायचंस. खोटं बोलायचं तर तेही तू इमानेइतबारे बोलायचीस.

इंजेक्शनं थंड ठेवायची होती. गावात धड चालणारे फ्रिज दोनच. एक माजी सरपंचांच्या घरात, एक उपकेंद्रातल्या सिस्टरकडे. मी म्हटलं, सिस्टरला विश्वासात घेऊ. तू उसळलीस, 'घे! आन् उद्या पारावर तुझ्या पोटाची पंचाईत ऐकत बस. वांझ म्हणून शिक्का बसला का मरंस्तवर निघत न्हाई, बाई.' तो शब्द पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकला. सासरी तेवढी लाज राखली होती त्यांनी, मागून म्हणायचे.

मग तुला संस्थेतला बर्फ सुचला. लोडशेडिंगमध्ये दूध नासू नये म्हणून तिथं भुशात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या असायच्या. रोज सकाळी तू पदराखाली तुकडा आणायचीस, हंडीत फोडून घालायचीस आणि त्यात इंजेक्शनांचा स्टीलचा डबा पुरायचीस. उन्हानं बर्फ टिकेना तेव्हा तू कुल्फीवाल्याची युक्ती केलीस. जत्रेत बघितलेलं तुला आठवलं, खडेमीठ टाकलं की बर्फ जास्त गार होतो. मूठमूठ मीठ टाकलंस. केवढी खूश होतीस! 'बघ, कसं गारेगार झालंय. हात लावू दीना.' डॉक्टरांनी बजावलं होतं, थंड ठेवा, पण गोठू देऊ नका. दुसरं तुला सांगायचं राहून गेलं, कारण तू मला जोरात बोलूच देत नव्हतीस. भिंतीला कान असतात म्हणायचीस.

नाही लागलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शनं गोठली तर नव्हती ना? मी बाहेर आले. तू व्हरांड्यात देवाचा अंगारा मुठीत घेऊन बसली होतीस. मी म्हटलं, 'तुझ्या मिठानं माझं लेकरू गेलं.' आजूबाजूच्या बायका बघत होत्या. तू फक्त एवढं विचारलंस, 'माझ्यामुळंच गेलं का गं?' मी तोंड फिरवलं.

पुढचं तुला माहीत आहे. नवऱ्यानं सोडचिठ्ठीच्या कागदावर सही मागितली, आणि मी तुझ्याकडेच परत आले, जाणार कुठं? तिथून वडवणीला, मग बीडला जाऊन-येऊन शिकले. आणि तू त्या दिवसापासून मीठ सोडलंस. भाकरी अळणी, वरण अळणी, सणावाराचं जेवणसुद्धा अळणी. गावाला वाटायचं बीपी आहे. सिस्टर तर तुझं कौतुक करायची, बघा, मावशी कसं पथ्य पाळतात. चार वर्षं, मरेपर्यंत. का सोडलंस, हे मी तुला एकदाही विचारलं नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. आपल्या घराची रीतच तशी.

आज हे सगळं का उकरतेय? काल शिरूर कासारकडची एक सासू आली होती. लेक-सून ऊसतोडीवरून परतले आणि उपचार सुरू केले. घरात फ्रिज नाही, म्हणून म्हातारीनं सुनेची इंजेक्शनं बर्फाच्या डब्यात ठेवली. ती गोठली आणि ही खेपही गेली. सून आत डॉक्टरांकडे, म्हातारी माझ्यासमोर. म्हणाली, 'बाई, खरं सांगा. माझ्यामुळंच गेलं का?' मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, 'आजी, असं एकाच गोष्टीनं ठरत नाही. सगळं नीट करूनही पुष्कळदा नाही लागत. तुम्ही मायेनं केलंत. तुमचा दोष नाही.' म्हातारीनं डोळे पुसले, पाणी प्याली, सुनेला घेऊन एसटीला गेली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत गं. परक्या बाईला जे पाच मिनिटांत दिलं, ते तुला चार वर्षांत देता आलं नाही मला.

पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे ऐकून ठेव. लोक काय म्हणतील म्हणून तू माझं दुखणं हंडीत लपवलंस. एकदा जवळ घेतलं असतंस तर एरंडाचा रससुद्धा गोड लागला असता.

हे पत्र टेबलाच्या खणातच राहील. तिथं बायकांसाठीचे कागदी रुमाल असतात, त्यांच्याखाली. एकच सांगायचं राहिलं आहे. सहाव्या दिवशी मी डबा उघडला तेव्हा इंजेक्शन गोठलेलं होतं. मला दिसलं होतं, माय. तू दाराबाहेर राखणीला उभी होतीस. एक हाक मारली असती तर तू त्या उन्हात पायी वडवणी गाठून दुसरं आणलं असतंस. मी हाक मारली नाही. मुठीत धरून वितळवलं आणि टोचून घेतलं, उरलेले चार दिवसही तसंच. मी थकले होते. यावेळीही लागणार नाही असं मनात बसलं होतं, आणि यावेळी दोष माझ्या पोटाचा नको होता मला. दुसऱ्या कुणाचा तरी हवा होता. तू हाताशी होतीस.

पुढं चार वर्षं तू माझ्यासमोर बसून अळणी जेवलीस, आणि मी शेजारी बसून लोणचं वाढून घेत राहिले.