अठरा व्होल्ट जातात कुठं?

१२ मार्च १९५७

आज पुन्हा कंपाउंडर येऊन ओरडून गेला — "तुमच्या या उजेडात मले सुईचं टोक दिसत नाई!" दवाखान्यातले दिवे मोहफुलासारखे पिवळे पडलेत. इंजिनघरात मात्र लख्ख! आलापल्लीच्या या आरागिरणीचा डायनामो पत्रूभाऊ मिस्त्रींच्या हाताखाली, आणि मी त्यांच्या हाताखाली. ते तमाखू मळत म्हणाले, "व्होल्ट कुठीतरी सांडून राह्यले. शोध."

म्हटलं, शोधतो, पण मग मला भिलाईसाठी चिठ्ठी द्या. तिथं पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे, वायरमन पाहिजेत म्हणतात. पण काम येतं अशी मिस्त्रीची चिठ्ठी लागते. दोन वर्षं झाली या सागवानात. इथं रोज नवीन काय, तर नवीन ओंडका!

"शोधलं तं देतो."

ठरलं!!

१३ मार्च

व्होल्टमीटरचा काटा जागेवर राहीना. आऱ्याखाली ओंडका गेला की इंजिन दमतं, व्होल्ट खाली. ओंडका संपला की वर. बिरजू आऱ्यावरून हसतो — "काऊन बे, घड्याळ बिघडलं का?"

१४ मार्च

आरा थांबल्यावर दिवे लावले आणि मोजलं. पत्रूभाऊचं नेहमीचंच — "काटा तू वाच. मी ऐकतो." इंजिनघरात ११०. मीटरची पेटी घेऊन पळत दवाखान्यात — ९२! तारेतून जाणारे अँपिअर ३.

म्हणजे वाटेत अठरा व्होल्ट गायब.

"आता भाग," म्हणाले. "व्होल्ट म्हणजे जोर. अँपिअर म्हणजे किती वाहून राह्यलं. जोराले त्यानं भागलं तं ओहम, म्हणजे वाटेत अडवणूक किती ते."

मी चौथीतून उठलो, पण पाढे पक्के. तीन सक अठरा. सहा ओहम! आणि तार नवीन ओढली तेव्हा सगळी मिळून एक ओहमसुद्धा अडवणूक नव्हती, असं भाऊ म्हणतात. मग ही बाकीची अडवणूक आली कुठून?

१५ मार्च

काही नाही. सगळे खांब चढलो. लाल मुंग्यांनी खाल्लं. खानावळीत गुणाबाईंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "कोण रे रोज सांजेले विळ्याले मूठ बसवून राह्यला? लाखेचा वास येते." म्हटलं, बाई, माझा लोहार बाप बसवत असेल तिकडं ब्रह्मपुरीकडे, वारा घेऊन आला वास! खूप हसल्या. एक भाकरी जास्त मिळाली.

१६ मार्च

पत्रूभाऊ विचारतात, "भागलं, पण गुणलं का?"

का गुणायचं?

"व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. किती जळते ते."

अठरा त्रिक चोपन्न. चोपन्न वॅट! म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवा. कुठंतरी जळतो आहे आणि कुणाला दिसत नाही. मी हसलो, म्हटलं भुताचा दिवा.

भाऊ हसले नाहीत. "दिवा काचेत जळते रे. हा कशात जळून राह्यला?"

कशात? चारी बाजूंना वाळलेला पाला, आणि डेपोत सागाचे ढीग.

१७ मार्च

सापडलं!

दिवे लागल्याबरोबर एकेका खांबावर मीटर लावत गेलो. खानावळीच्या अलीकडच्या खांबावर १०९. पलीकडच्या खांबावर ९२. मधे काय? गुणाबाईंचं गवताचं छप्पर!

इंजिनघराकडे ओरडलो — बंद करा! — आणि कंदील घेऊन छपरावर. तारेचा जोड काळा ठिक्कर. भोवतीचं गवत तपकिरी झालेलं, हातात घेतलं तर भुगा. हात लावला तर चटका. आणि वास — लाखेचा!

जोड माझाच.

दिवाळीत बांधला होता. जोडावर गुंडाळायची पट्टी संपली होती. मी शहाणा! घरी बाप करतो तसंच केलं. विळ्याच्या मुठीत आधी वितळलेली लाख, मग विळ्याचं शेपूट. मी तारेला आधी लाख माखली, मग पीळ दिला. तांब्याला तांबं नीट लागलंच नाही, मधे लाख! पत्रूभाऊंनी खालून वर पाहून "पक्का हाय" म्हटलं होतं, म्हणून छाती काढून फिरलो होतो महिनाभर.

गुणाबाई खाली उभ्या. "काय भेटलं रे?"

सांगून टाकलं. बाई, तुमचं घर मीच जाळायला ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "आणि मी तुले भाकरी वाढून राह्यली होती!"

१८ मार्च

तार घासून लाल केली. आधी पीळ, मग लाख. जोड छपरापासून दूर, खांबावर नेला. दवाखान्यात १०८!! कंपाउंडरनं चहा पाजला.

पत्रूभाऊ रागावले नाहीत. "चुकला तुयाच हातून, भेटला तुयाच हातून. चिठ्ठी तूच लिही, मी सही करतो." लिहिली. त्यांनी सही केली ती थेट माझ्या अक्षरांवर! खाली एवढी कोरी जागा असताना. म्हातारपण!

शनिवारी चांद्याला लाकडाचा ट्रक जातो, तिथून रेल्वेनं भिलाई. बिरजूला सांगून जागा धरली.

२० मार्च

सांजेला पत्रूभाऊला दवाखान्यात घेऊन गेलो, मुद्दाम, उजेड दाखवायला. ते दिव्याखाली उभे राहिले. वर पाहिलं, बराच वेळ. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "अजून मंदच हाय ना रे?"

दिवा लख्ख, काटा १०८ वर होता. काटा तू वाच. चिठ्ठी तूच लिही. पक्का हाय.

म्हटलं, "हो भाऊ, थोडा मंदच हाय. सोमवारी पाहू दोघं."