अकरा कोरे आठवडे आणि बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, कारखान्यातल्या फिटरची विधवा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी रागात आहे, हे दोन्ही साक्षीदारांना माहीत आहे.

१. दोन खोल्या आणि बँकेतली ठेव मुलीला. वाटणी समान नाही. मुद्दामच नाही.

२. यजमानांची हत्यारांची पेटी नळदुरुस्तीवाल्याला. तो उसना नेलेला पाना पुसून परत आणतो.

३. घरखर्चाच्या एकोणीस वह्या. घरोघरचा खर्च नोंदवणाऱ्या सरकारी पाहणी कार्यालयासाठी मी त्या दर आठवड्याला भरल्या. माझा मुलगा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. कुटुंबं कशी खर्च करतात याचं मॉडेल त्याने याच वह्यांवर उभारलं, पुस्तक काढलं. ते मी शब्दकोश शेजारी ठेवून दोनदा वाचलं. त्याचे वडील इस्पितळात होते, शेवटचे अकरा आठवडे. वहीत ती पानं कोरी आहेत. पुस्तकात मात्र तेव्हा आम्ही चपला घेतल्या, केक आणला, करमणुकीवर खर्च केला.

फोनवर म्हणाला, "अगं आई, रिकामी जागा मॉडेलला चालत नाही. आसपासच्या घरांची सरासरी भरतात."

"अरे, मग मला विचारायचंस! मी जिवंत होते ना?"

"तुला उगाच त्रास कशाला, म्हणून."

त्रास! त्या अकरा आठवड्यांत तो एकदाही आला नाही. आला असता तर त्याला सरासरी लागली नसती.

४. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याला वह्या हव्या आहेत. मिळतील. अट अशी, की त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून ती कोरी पानं स्वतःच्या हाताने भरावीत, शेजारच्या शिंपीणबाईंना विचारून. आमची चूल तेव्हा पेटली नाही; दोन्ही वेळचं जेवण त्यांच्या डब्यातून आलं. हे लिहिताना त्या म्हणतात, "अहो, डब्याचं काय लिहिता? लाज वाटते." मी म्हटलं, "लाज कोणाला वाटायला हवी ते मी लिहितेय. तुम्ही सही करा."

मी गेल्यावर तीन महिन्यांत तो आला नाही, तर वह्या रद्दीत द्याव्यात. सरासरी आहेच त्याच्याकडे.

५. डबा शिंपीणबाईंना परत. रिकामा देऊ नये.

६. पहिल्या कोऱ्या पानाचा मजकूर मी सांगून ठेवते. त्याने तो जसाच्या तसा उतरवावा, आणि पुढची दहा पानंही तशीच:

खर्च : बसचं भाडं.
जेवण : शेजारून.
"पोरगा आला का?" असं वडिलांनी विचारलं : रोज.

सही : त्याची आई
साक्षीदार : शिंपीणबाई, इस्पितळातला कंपाउंडर
ठिकाण : माझं स्वयंपाकघर
तारीख : महिन्याचा तिसरा सोमवार, सकाळी, चहा झाल्यावर