दोन लाल खुंट्या

दादा, मुरुडच्या सभेचं आज लिहून टाकते. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, पावसाचा पत्ता नव्हता, आणि टँकर कोणत्या वस्त्यांना जाणार याची यादी तहसीलदार साहेब भर दुपारी बाजाराच्या पटांगणात वाचणार होते. लाऊडस्पीकर तुमचा, हाताखाली मी, तुमची लेक. स्टेजच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा बॉक्स, प्रत्येकाला वेगळा अॅम्प्लिफायर, जोर वाढावा म्हणून दोन्ही ब्रिज केलेले, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या दोन्ही चॅनलचा जोर एकाच बॉक्सला. प्रत्येकाच्या मागं वायरी जोडायच्या दोन लाल, दोन काळ्या खुंट्या. तुम्ही मला बजावलं होतं, "काळ्या खुंट्यांना हात लावायचा न्हाई. दोन्ही वायरी लाल खुंट्यांवरच. पण डावी लाल प्लस, उजवी लाल मायनस. इसरू नको." तुम्ही माइक बघायला गेलात आणि दुसरा बॉक्स मी जोडला. दोन्ही लालच आहेत, काय फरक पडतो, असं वाटलं. उलटा जोडला.

मग मी आपल्या वस्तीच्या लोकांत जाऊन बसले, बरोबर मधोमध. साहेबांचे ओठ हलतायत आणि आमच्यापर्यंत येतोय तो पोकळ, विरलेला आवाज. कडेची माणसं मात्र माना डोलावतायत. यादी संपली, आपलं नाव कुणीच ऐकलं नाही. शेजारचे काका उठलेच. "बौद्धवाड्याचं नाव आलं की बटन पिरगाळलं यानं. म्या बघितलं." बटनावरचा तुमचा हात मीही पाहिला होता, दादा. माइक शिट्टी मारत असेल म्हणून आवाज कमी करत असाल, हे मला सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की यांना कुणी काय दिलं?

तुम्ही दोन्ही बॉक्सच्या जाळ्या काढल्या. प्रत्येक बॉक्सची डाव्या खुंटीवरची वायर सोडवून बॅटरीच्या सेलच्या प्लसला लावली, दुसरी मायनसला. एका बॉक्सचा कागदी शंकू बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. तुम्ही माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी जोडलेल्या बॉक्सच्या वायरींची अदलाबदल केली आणि हात जोडून साहेबांना यादी पुन्हा वाचायला लावली. या वेळी आवाज भरून आला. सातवं नाव आपलंच होतं.

"मग आदी काय झालतं?" काकांनी विचारलं.

"एक वायर उलटी बसली माझ्या हातनं. दोन्हीकडचे आवाज मधी येऊन एकमेकाला खात व्हते."

"आवाज आवाजाला खातो व्हय? आमाला नका शिकवू."

टँकर आला, पाणीही मिळालं. पण पुढच्या आंबेडकर जयंतीला वस्तीनं लातूरहून दुसरा लाऊडस्पीकरवाला आणला. तुम्ही दार लोटून घरात बसलात, मी गेले. पंगतीत एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुझ्या बापाला कुणी फितवलं व्हतं गं?" वायर मी जोडली होती, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "मला काय म्हाईत." आणि सरकून बसले, तिला जागा करून दिली. तुम्ही वारल्यावर आईनंही तेच विचारलं होतं. तिलाही मी तेच सांगितलं.