एकदा धुतलेलं लुगडं

उमरगा, ता. ९ जानेवारी १९४१

ती. सौ. पार्वताक्कास, धाकट्या महांताचे शरणु. वि. वि.

कॉलेज सोडून आलो म्हणून चिडली असशील. चीड. पण बंडप्पा सावकार त्यांच्या लेकीसाठी, नीलम्मासाठी, स्थळं बघू लागले हे कानावर आल्यावर सोलापुरात पुस्तकं उलटत बसणं माझ्यानं झालं नाही. त्यांच्याकडं तिला मागायचं, एवढ्यासाठी आलो, आणि आल्या आल्या त्यांच्याशीच भांडून बसलो.

मी त्यांच्या कापडाच्या दुकानात उभा होतो. शेंगा फोडायला जाणारी धुरपदाबाई लेकीसाठी लुगडं बघायला आली. तुमच्या सोलापुरात सहा रुपयांना मिळतं ते बंडप्पांनी आठ सांगितलं. बाईनं पदर दोनदा चाचपला, घडी मागं सारली आणि नुसता चोळीचा खण घेऊन निघाली. माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांदेखत मी त्यांना लुटारू म्हणालो. ते शांतपणे म्हणाले की इंग्रजी हद्दीतून निजामाच्या मोगलाईत माल आणायचा तर नाक्यावर करोडगिरीचा कर भरावा लागतो, गाठोडी दोन दोन दिवस तिथं अडकतात, लॉरीवाला थांबल्याचंही भाडं घेतो, आणि हे सगळं शेवटी नेसणारीच्या अंगावर पडतं. वर म्हणाले, कॉलेजात एवढंबी शिकवत न्हाईत व्हय? आतल्या दारात नीलम्मा उभी होती, अक्का!

धुरपदाबाईला मी शब्द दिलाय, सहातच आणून देतो. तिचे पैसे सोबत पाठवतो. अंगावर वापरलेल्या कापडाला कर नाही. तेच हिरवं, लाल काठांचं लुगडं घे, एकदा पाण्यातून काढ, एक दिवस नेस आणि मामा सोलापूरहून परतताना त्यांच्या गाठोड्यात घाल. दाजींना बोलू नकोस.

भाऊ तापट असला तरी तुझा लोभ थंडावू नये.

तुझा महांता


सोलापूर, ता. १७ जानेवारी

चि. महांतास, अक्काचे पोटभर आशीर्वाद.

लुगडं मामांबरोबर पाठवलं आहे. धुतल्यावर खळ गेली, रंग राहिला. दिवसभर नेसून भाकऱ्या थापल्या. आज हा थाट कशाला, असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा संक्रांतीचं नेसलंय, म्हणून सांगितलं. कॉलेज सोडलंस म्हणून घरी अप्पा तुझ्याशी बोलत नाहीत, बंडप्पांना तू दुखावलंस, आता मलाही खोटं बोलायला लावलंस. नीलम्मापुढं शौर्य दाखवायला बहिणीचं धुणं लागतं होय रे?

लेकीला लुगडं कशासाठी हवंय ते तू लिहिलं नाहीस. रोज नेसायलाच असेल, असं धरून चालले. बंडप्पांची माफी माग. आमच्यावरची माया अशीच धरून राहा.

तुझी अक्का


उमरगा, ता. १२ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास शरणु. वि. वि.

लुगडं नाक्यावरून सुटलं. कारकुनानं निऱ्यांच्या चुण्या बघितल्या आणि जुनं म्हणून सोडलं. मी छाती काढून धुरपदाबाईकडं गेलो. लेकीचं लग्न दोन दिवसांवर होतं. ते तुला लिहायचं मला सुचलंच नव्हतं.

तिनं पदर बोटांत चोळला आणि विचारलं, पाण्यातलं हाय का? मी ऐटीत हो म्हणालो. तिनं घडी परत माझ्या हातात दिली. नवरीला कोरंच लागतं, पाणी लागलेलं, दुसरीनं नेसलेलं घालून लेकीला मांडवात कशी बसवू, म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नीलम्माला हे कळलं. तिच्या आईनं मरण्याआधी तिच्या लग्नासाठी एक कोरं लुगडं निवडून पेटीत ठेवलं होतं. ते तिनं काढलं आणि धुरपदाबाईच्या घरी नेऊन दिलं. वाटेत मी आडवा गेलो तर एवढंच म्हणाली, तुम्ही भाव विचारला, लगीन हाय का ते न्हाय विचारलं.

बंडप्पांनी मांडवात ते लुगडं ओळखलं. आता स्थळ बघायला सोलापूरची मोटार धरतायत. पुस्तकं विकून मी धुरपदाबाईचे पैसे परत केले. आणखी काय करू, सुचत नाही. रागाव, पण मला टाकू नकोस.

महांता


सोलापूर, ता. २ मार्च

चि. महांतास अनेक आशीर्वाद.

बंडप्पा काल आमच्याकडंच उतरले. तुझ्या दाजींच्या ओळखीतला मुलगा बघायचा होता. मी समोर जाऊन सांगितलं की लुगडं या हातांनी धुतलं, दोष निम्मा माझा. त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, पोराचा राग खोटा न्हाय. बाई घडी मागं सारते तेव्हा मलाबी गोड लागत न्हाय. पण वीस वर्षं कर भरून माल आणतोय, अशी पळवाट काढली न्हाय.

मग नीलम्माचं सांगितलं. आईनं निवडलेलं गेलं, आता लग्नाचं दुसरं मीच निवडीन, आणि या भावात यंदा निवडणार न्हाय, म्हंजी यंदा लगीनबी न्हाय, असं तिनं बापाला बजावलंय. कापडाच्या व्यापाऱ्याला घरात लेकीनं महागाई शिकवली, म्हणून ते हसायला लागले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले. मुलगा न बघताच परत निघाले.

दारात थांबून त्यांनी विचारलं, महांता पुन्हा कॉलेजात जाणार का? मी हो म्हणून बसले. दाजी तुझ्यासाठी जुनी पुस्तकं शोधतायत. जूनला ये. यावेळी मला खोटी पाडू नकोस.

तुझी अक्का