उपदेश न करण्याचं प्रशिक्षण

ती. दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घे.) वहिनीचे गुडघे कसे आहेत? आणि तुझा राग? वहिनीच्या माहेरच्यांदेखत मी तुझ्या खिशातलं व्हेप (तीच ती विजेवरची सिगारेट) काढून सगळ्यांना दाखवलं, तेव्हापासून दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत नाही.

तर, व्हेप ओढणाऱ्या पोरांना मदत कशी करायची हे शिकायला कॉलेजने आम्हा नर्सबायांना प्रशिक्षणाला धाडलं. मी तोऱ्यात गेले. (गेल्या वर्षी एकाचं व्हेप पेनड्राइव्ह समजून मी ऑफिसात जमा केलं होतं, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं.) नियम एकच: उपदेश करायचा नाही, विचारायचं आणि ऐकायचं. सरावात प्रशिक्षक बाई विद्यार्थिनी झाल्या. "ताण आला की ओढते," एवढं त्यांनी म्हणायचा अवकाश, मी फुप्फुसांपासून निघाले ती थेट आईबापांच्या कष्टांपर्यंत पोहोचले. शेवटी बाई म्हणाल्या, तुमचं ऐकता ऐकता मलाच एक झुरका मारावासा वाटला! सगळा वर्ग खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत आले तर सोमवारी एक मुलगी दवाखान्यात आली. डोकं दुखतंय म्हणाली आणि हळूच व्हेप टेबलावर ठेवलं. अरे देवा! उपदेश नुसता घशाशी आला. तो अडवायला हातातला थर्मामीटर स्वतःच्याच तोंडात कोंबला. (तो वाजला की पुन्हा कोंबायचा. असं चार वेळा.) पोरगी बिचारी बोलत राहिली. डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली जातो, दोनदा सोडून पाहिलं, दुसऱ्याच दिवशी हात थरथरले, घरी कळलं तर काय, याची धास्ती. ती थांबल्यावर मी एवढंच विचारलं, "मी काय करू म्हणजे तुला बरं पडेल?" ती रडलीच. मग दोघींनी मिळून सोडायचा दिवस ठरवला. त्यानंतर दोनदा घसरली, पण दोन्ही वेळा आपण होऊन सांगायला आली.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता.क. दादा, त्या दिवशी चुकलंच माझं. तू ते कधीपासून ओढतोस, कशामुळे, काही म्हणजे काही मी विचारलं नाही. नुसता तमाशा केला. फोन कर रे. सोडायचं नसेल तरी कर.

ता.क. २. हे पत्र मुळात नऊ पानांचं होतं. उपदेशाची सात पानं काढून ठेवली आहेत. फाडायला अजून हात होत नाही, तेव्हा ती पोस्टात पडायच्या आत फोन कर.